परळ, वणंद, दाभोळ, धारवाड : रमाईच्या वाटेवर

शनिवार : भायखळा, परळ, दादर

आत्याची अट एकच होती. सात फेब्रुवारीला जायचं नाही, आणि सत्तावीस मेला तर मुळीच नाही. रमाईच्या, म्हणजे बाबासाहेब आंबेडकरांच्या पत्नीच्या, जयंतीला आणि स्मृतिदिनाला तिच्या जन्मगावी वणंदला मंडप पडतो, भाषणं होतात, स्पीकर लागतात. त्या स्पीकरवर वाजणारी रमाईची गाणी आत्याने स्वतः चाळीस वर्षं बुद्धविहारात म्हटली आहेत. "ऐकून झालंय सगळं. आता नुसतं बघायचंय," म्हणाली. म्हणून जानेवारीचा शेवटचा आठवडा धरला. आत्या, मी, आणि गाडी चालवायला आतेभाऊ. त्याला सुट्टी मिळाली म्हणून तो आला असं तो सांगतो. खरं कारण वाटेतली मासळी.

सुरुवात भायखळ्याच्या मंडईपासून करायची हे आत्यानेच ठरवलं. रमाईचं लग्न तिथल्या बाजारात लागलं. साल सर्वसाधारणपणे 1906 दिलं जातं, काही चरित्रांत ते पुढे सरकतं. नवरी नऊएक वर्षांची होती असंच बहुतेक ठिकाणी सांगतात. बाजार उठल्यावर रात्री उघड्या शेडखाली मांडव. वऱ्हाड्यांना बसायला विक्रेत्यांचे दगडी ओटे, पायाखालून गटाराचं पाणी. पहाटे माल यायच्या आत सगळं आटपून जागा मोकळी करायची. आम्ही पोचलो तेव्हा कोथिंबिरीच्या जुड्या उतरत होत्या आणि एका हमालाने आत्याला दोनदा "बाजूला व्हा मावशी" म्हणून हाकललं. तिला ते आवडलं. तिच्या मते रमाईच्या लग्नातही पहाटे कुणीतरी असंच ओरडलं असणार.

तिथून परळ, पोयबावडी. बीआयटी चाळ नंबर एक.

बीआयटी म्हणजे बॉम्बे इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट. 1896 च्या प्लेगने मुंबई हादरली, त्यानंतर 1898 मध्ये हा ट्रस्ट निघाला आणि त्याने शहरभर चाळी बांधल्या. या चाळीत दुसऱ्या मजल्यावर 50 आणि 51 नंबरच्या खोल्या आंबेडकरांच्या. 1912 पासून जवळजवळ 1934 पर्यंत बिऱ्हाड इथेच. चाळीत आजही माणसं राहतात, दोरीवर कपडे वाळत असतात, कुणाच्या तरी कुकरची शिट्टी होत असते. आम्ही कुणाचं दार वाजवलं नाही. जिना चढलो, गॅलरीत उभे राहिलो. आत्याचा गुडघा दुखतो, तरी ती कठड्याला धरून शेवटपर्यंत चालत गेली, नळाची जागा बघायला. "पाणी किती लांबून आणायची ते तरी कळू दे."

इथे मला तारखा मांडून दाखवायच्या आहेत, कारण गाण्यांत त्या कधी येत नाहीत. यशवंतचा जन्म 12 डिसेंबर 1912. दोन महिन्यांच्या आत, 2 फेब्रुवारी 1913 ला, सासरे रामजी सुभेदार गेले. त्याच वर्षी जूनमध्ये नवरा बडोद्याची शिष्यवृत्ती घेऊन न्यूयॉर्कला निघाला. कोलंबिया विद्यापीठ, मग लंडन, परत आला ऑगस्ट 1917 मध्ये. जुलै 1920 मध्ये पुन्हा लंडन, ते एप्रिल 1923 पर्यंत. दहा वर्षांतली सातेक वर्षं घरचा कर्ता माणूस समुद्रापलीकडे, आणि घरात जाऊ लक्ष्मीबाई, दीर, पुतण्या, स्वतःची मुलं. शेणी थापून ती घर चालवायची, दोघी जावा अंधार पडल्यावर शेण गोळा करायला जायच्या, कारण दिवसा "बॅरिस्टर व्हायला गेलेल्याची बायको" म्हणून लोक बोट दाखवायचे, असं जुनी माणसं सांगत आली आहेत.

1917 मध्ये बाबासाहेब परत येत होते तेव्हा पहिलं महायुद्ध चालू होतं. त्यांचं सामान ज्या बोटीवर चढवलं होतं ती पाणबुडीने बुडवली. ते स्वतः दुसऱ्या बोटीवर होते. हे आपल्याला माहीत आहे. परळच्या खोलीत बसलेल्या बाईला ते किती उशिरा कळलं असेल, याचा विचार मी पहिल्यांदा त्या गॅलरीत केला.

परत आल्यावर सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापकी मिळाली, पगार 450 रुपये. त्या काळात ही रक्कम मोठी. तरी बिऱ्हाड त्याच दोन खोल्यांत राहिलं, कारण लंडनचा अभ्यास अर्धा राहिला होता आणि त्यासाठी पैसा साठवायचा होता. घरखर्चाला ठरावीक रक्कम, बाकी शिल्लक. आत्या महापालिकेच्या शाळेत शिक्षिका होती, तिच्या हातात कायम एक छोटी डायरी असते. तिने काहीतरी लिहून घेतलं. विचारलं तर म्हणाली, "साडेचारशेतले घरात किती आले, ते कुणी लिहून ठेवायला हवं होतं."

पाच मुलं झाली. यशवंत, गंगाधर, रमेश, इंदू, राजरत्न. जगला एकटा यशवंत. राजरत्न गेला जुलै 1926 मध्ये, म्हणजे बाबासाहेब बॅरिस्टर होऊन मुंबईत वकिली करत होते तेव्हा. त्यामुळे "साहेब परदेशी होते म्हणून मुलं दगावली" एवढंच म्हणून भागत नाही. त्या काळच्या मुंबईत चाळींमधली तान्ही मुलं मोठ्या संख्येने जायची, घरात पदव्या असोत नसोत.

दुपारी दादरला हिंदू कॉलनीत राजगृह. 1930 च्या दशकाच्या सुरुवातीला बाबासाहेबांनी हे घर बांधलं, मुख्यतः पुस्तकांसाठी. तळमजल्यावरचं संग्रहालय लोकांना बघता येतं. तिथे रांगेत आमच्या पुढे वर्ध्याहून आलेलं एक कुटुंब होतं. त्यांच्यातल्या आजी प्रत्येक फोटोला हात जोडत होत्या, त्यामुळे रांग मुंगीच्या पावलांनी चालली होती आणि आतेभाऊ घड्याळ बघत होता.

राजगृहातला फेब्रुवारी 1934 चा तो कुटुंबाचा फोटो बहुतेकांनी पाहिला असेल. यशवंत, बाबासाहेब, रमाई, लक्ष्मीबाई, पुतण्या मुकुंद, आणि पुढ्यात टॉबी कुत्रा. रमाईचे फोटो मुळात थोडे, त्यात हा एक. ती कॅमेऱ्याकडे बघतेय, हसत नाहीये. आजारी दिसते. वर्षभराने, 27 मे 1935 ला, याच घरात ती गेली. सदतीस वर्षांची होती.

आत्याने डायरीत वजाबाकी केली: चाळीत बावीसेक वर्षं, बंगल्यात फार तर दोन.

तिच्यामागे लिखित स्वरूपात एक स्मारक उरलं, ते इंग्रजीत. पाकिस्तानच्या प्रश्नावरचा बाबासाहेबांचा 1940 चा ग्रंथ "रामू"च्या स्मृतीला अर्पण केलेला आहे. ते तिला रामू म्हणत, ती त्यांना साहेब. अर्पणपत्रिकेत तिच्या मनाचा चांगुलपणा, शील, आणि कुणी मित्र नव्हते त्या ददातीच्या, काळजीच्या दिवसांत तिने शांतपणे बरोबरीने सोसलं त्याची कृतज्ञता, असा आशय आहे. एरवी इतक्या कोरड्या, आकडेवारीने भरलेल्या ग्रंथाच्या दारात ही ओळ का, असं कुणी विचारत नाही. मला वाटतं, 1935 मध्ये जे बोलता आलं नाही ते लिहायला पाच वर्षं लागली. ती गेली तेव्हा ते डोकं भादरून, सगळ्यांपासून दूर होऊन बसले होते असं चरित्रकार सांगतात. लगेच जूनमध्ये गव्हर्नमेंट लॉ कॉलेजचं प्राचार्यपद, आणि 13 ऑक्टोबरला येवल्याची घोषणा, हिंदू म्हणून मरणार नाही ही.

येवल्याचा विषय निघाल्यावर पंढरपूरचाही निघतोच. रमाईला विठ्ठलाच्या दर्शनाला जायचं होतं. जे देऊळ आपल्याला बाहेर उभं करतं तिथे कशाला जायचं, आपण दुसरं पंढरपूर निर्माण करू, असं बाबासाहेबांनी तिची समजूत घातली, ही गोष्ट चरित्रांत आहे. आमच्या घरी ती नेहमी बाबासाहेबांच्या बाजूने सांगितली जाते. राजगृहाच्या बाहेर उसाचा रस पिताना आत्या म्हणाली, "त्यांचं बरोबरच होतं. पण तिला राग आला असेल की नाही?"

आतेभावाने ग्लास खाली ठेवला आणि रमाईला राग कसा येईल म्हणून विचारलं. त्यावर पुढचे पाऊण तास, दादर ते वरळी, गाडीत शांतता नव्हती.

वरळीला, जिथे तिचे अंत्यसंस्कार झाले, आम्ही संध्याकाळी थोडाच वेळ थांबलो.

रविवार : मुंबई ते दापोली

महामार्गाबद्दल लिहिण्यात अर्थ नाही. पनवेल, पेण, माणगाव, आणि ज्याने हा रस्ता वापरला आहे त्याला बाकीचं माहीत आहे.

महाडला चवदार तळ्यावर उतरलो. 20 मार्च 1927 ला बाबासाहेबांनी इथलंच पाणी प्यायलं. आत्याने पायरीवर बसून ओंजळीत पाणी घेतलं, तोंडावर मारलं, आणि उठून वडापावची चौकशी केली. पोलादपूरनंतर कशेडीचा घाट आता बोगद्यातून निघतो, त्यामुळे वळणं गेली आणि आत्याच्या उलटीच्या गोळ्या वाया गेल्या. खेडहून दापोलीला चढलो तेव्हा उन्हं कलली होती, हवेत गारवा होता.

जुन्या माणसांच्या तोंडी दापोली म्हणजे "कॅम्प". इंग्रजांची छावणी होती, पुढे पेन्शनीत निघालेले सैनिक इथे वस्ती करून राहिले. त्यांत महार पलटणींतले पुष्कळ. गोपाळबाबा वलंगकर त्यांतलेच. सैन्यातून निवृत्त होऊन दापोलीत राहिले आणि 1880 च्या दशकात अस्पृश्यतेविरुद्ध लिहू लागले. रामजी सुभेदारही निवृत्तीनंतर काही काळ इथेच होते, लहानगा भिवा, म्हणजे बाबासाहेब, बरोबर. म्हणजे रमाईचा जन्म व्हायच्या आधी तिचा नवरा तिच्या गावापासून हाकेच्या अंतरावर खेळून गेला होता. आतेभावाला हे ऐकून फार आनंद झाला. त्याला अशा गोष्टी आवडतात.

सोमवार : वणंद

दापोलीहून वणंद जवळ आहे, गाडीने किती वेळ लागला हे सांगण्याइतकाही नाही. लाल माती, काजूची झाडं, मधूनच जांभा दगडाचे चिरे रचून ठेवलेले. जानेवारी असल्याने आंब्याला मोहोर होता.

गावात रमाईचं स्मारक आहे. गर्दी नव्हती. एक मध्यमवयीन गृहस्थ झाडलोट करत होते, आम्ही "जय भीम" म्हणालो, त्यांनी केरसुणी बाजूला ठेवून "जय भीम, कुठून आलात?" विचारलं आणि पाण्याचा तांब्या आणला. आत्या पुतळ्यासमोर बसली. मी तिला एकटं सोडलं आणि गावातून फिरून आले.

7 फेब्रुवारी 1898, भिकू आणि रुक्मिणी धुत्रे यांच्या घरी जन्म. वडील दाभोळच्या बंदरावर मासळीच्या टोपल्या वाहायचे. आई आधी गेली, मग वडील. मागे मुली आणि धाकटा शंकर. काका-मामांनी पोरांना मुंबईला आणलं, भायखळ्याच्या बाजाराजवळ. तिथेच सुभेदार सून शोधत आले. वणंदची रमाई म्हणजे एवढंच, चार-पाच ओळी. शाळा नाही, पत्रं नाहीत, तिच्या हातचा एखादा कागद नाही. पुढे बाबासाहेबांनी तिला अक्षरं शिकवली, पण ती या गावात असताना काय म्हणायची, कुणाशी भांडायची, कोणत्या झाडावर चढायची, हे सांगणारं कुणी उरलं नाही.

परत आले तर आत्या आणि ते गृहस्थ साने गुरुजींवर बोलत होते. विषय कसा निघाला कोण जाणे, पण निघाला हे बरं झालं. गुरुजी पालगडचे. पालगडही दापोली तालुक्यातलंच. त्यांचा जन्म 24 डिसेंबर 1899 चा, म्हणजे रमाईहून जवळजवळ दोन वर्षांनी लहान. 1933 मध्ये नाशिकच्या तुरुंगात बसून त्यांनी आपल्या आईवर जे पुस्तक लिहिलं ते महाराष्ट्रातल्या घराघरांत पोचलं. त्या आईचं दारिद्र्य, तिची पोटाला चिमटा घेऊन केलेली काटकसर, तिचं आजारपण सगळ्यांना तोंडपाठ. त्याच तालुक्यातली दुसरी आई आम्हाला पाठ, पण वर्गात माझ्या शेजारी बसणाऱ्या मुलींना तिचं नावही माहीत नव्हतं. आत्या शाळेत शिकवताना दोन्ही सांगायची म्हणे. पहिल्या आईला वर्ग रडायचा, दुसऱ्या आईला मुलं आधी विचारायची, "बाई, ही कोण?"

गुरुजींबद्दल आणखी एक बोललंच पाहिजे. पंढरपूरचं विठ्ठल मंदिर सर्वांना उघडावं म्हणून मे 1947 मध्ये ते उपोषणाला बसले आणि मंदिर उघडलं. रमाईला जाऊन बारा वर्षं झाली होती. "तोवर तिला दर्शनाची गरज उरली नव्हती," असं ते गृहस्थ म्हणाले. वाक्य छान होतं. आत्याने मान हलवली नाही. गाडीत बसल्यावर म्हणाली, "गरज उरली नव्हती हे ठरवणारे आपण कोण?"

संध्याकाळी हर्णैला लिलाव बघायला गेलो. आतेभावाने पापलेट घेतलं, खानावळवाल्याकडून तळून घेतलं. सुवर्णदुर्ग समोर होता. या संध्याकाळीबद्दल बाकी काही नाही.

मंगळवार : दाभोळ, खाडी ओलांडून कोल्हापूर

दाभोळला जायचा आग्रह माझा. भिकू धुत्रे जिथे टोपल्या वाहायचे ती जागा बघायची होती.

वाशिष्ठी इथे समुद्राला मिळते. मध्ययुगात हे बहामनी आणि आदिलशाही काळातलं मोठं बंदर होतं. त्या वैभवाची खूण म्हणून धक्क्याजवळ जुनी शाही मशीद उभी आहे, लोक तिला अंडा मशीद म्हणतात. धक्क्यावर होड्या, जाळी, बर्फाच्या लाद्या. एक बाई ओल्या सुकटीत हात घालून खडे निवडत होती. आजही टोपली डोक्यावर घेऊन माणसं चिंचोळ्या गल्लीतून वर चढताना दिसतात. मी एकाला टोपलीचं वजन विचारलं. तो म्हणाला, "उचलून बघा." उचलली नाही.

पण चढ चालून बघितला. रिकाम्या हातांनी, बूट घालून, धाप लागेपर्यंत. तालुक्याच्या बाजारापर्यंतचं अंतर आणि हा चढ डोक्यात धरला की तो माणूस तरणा असतानाच का खचला ते उमगतं. मुलीला वारसा मिळाला तो ओझ्याचा. शेणाची पाटी डोक्यावर घेऊन चालायला तिला परळमध्ये कुणी शिकवलं नसणार.

धोपाव्याला जाणाऱ्या फेरीबोटीत गाडी चढवली. आत्या गाडीतून उतरून कठड्याशी उभी राहिली, पदर डोक्यावरून घट्ट बांधून. पलीकडे अंजनवेलच्या बाजूला वीज प्रकल्पाच्या चिमण्या दिसतात, ज्याला नव्वदच्या दशकात सगळा देश "दाभोळ" म्हणून ओळखायचा. प्रकल्प खाडीच्या त्या काठाला आणि नाव या काठाचं. आतेभावाने त्यावर एक विनोद केला तो इथे देण्यासारखा नाही.

मग शृंगारतळी, चिपळूण, कुंभार्लीचा घाट, पाटण, कऱ्हाड. घाट चढताना आत्याच्या गोळ्या शेवटी कामाला आल्या. कोल्हापुरात रात्री उशिरा पोचलो आणि जेवून झोपलो. कोल्हापूरकडच्या माणगावची 1920 ची अस्पृश्यांची परिषद, शाहू महाराजांचं भाषण, यावर बोलायचं ठरवलं होतं, पण तांबड्या रश्श्यानंतर कुणात त्राण नव्हतं.

बुधवार : धारवाड

बेळगाव मागे पडल्यावर रस्ता सरळ आणि रुंद. पाट्या कन्नडमध्ये, आत्या अक्षरं जुळवायचा प्रयत्न करत होती आणि प्रत्येक वेळी चुकत होती.

धारवाड तेव्हा मुंबई इलाख्यातच होतं, त्यामुळे रमाई इतक्या दक्षिणेला कशी, असा प्रश्न पडायचं कारण नाही. बळवंतराव वराळे हे बाबासाहेबांचे जवळचे कार्यकर्ते. दलित विद्यार्थ्यांचं वसतिगृह ते इथे चालवत. बाबासाहेब परदेशी गेले असताना हवापालट म्हणून रमाई त्यांच्याकडे राहायला आली. रोज आवारात खेळणारी पोरं दोन दिवस दिसली नाहीत. तिने चौकशी केली. अनुदान आलेलं नव्हतं, शिधा संपला होता, मुलं उपाशी होती. तिने हातातल्या सोन्याच्या बांगड्या आणि होतं ते सोनं वराळ्यांपुढे ठेवलं: विका नाहीतर गहाण टाका, पण पोरांना जेवायला घाला.

ही गोष्ट आंबेडकरी घरातल्या प्रत्येकाने शंभर वेळा ऐकलेली असते. गाणी आहेत, एकपात्री प्रयोग आहेत, आणि प्रत्येक ठिकाणी बांगड्या उतरवताना रडायचं असतं. जुन्या वसतिगृहाच्या परिसरात आम्ही फिरलो. शाळा सुटायची वेळ होती, गणवेशातली पोरं सायकली ढकलत बाहेर पडत होती. आत्या एका कट्ट्यावर बसली, चपला काढल्या, पाय चोळत राहिली.

"तिने कुणाला विचारलं होतं?" ती म्हणाली.

"म्हणजे?"

"बांगड्या देताना. साहेबांना पत्र टाकलं? दिराला विचारलं? वराळ्यांना सल्ला विचारला? पोरं दिसत नाहीत हे तिच्या लक्षात आलं. कारण तिने काढलं. पैसा कुठून उभा करायचा ते तिने ठरवलं. कोठी भरली. आपण म्हणतो, बिचारीने सोनं दिलं. बिचारी कशी? ती तिथली मुख्याध्यापिका झाली होती दोन दिवस."

मी म्हटलं, तिचं मन मोठं होतंच ना. आत्या म्हणाली, मोठं होतं, कोण नाही म्हणतंय, पण मोठ्या मनाच्या बाया मी खूप बघितल्या, त्यांतल्या अर्ध्यांना घरात भाजी कोणती करायची हेसुद्धा ठरवू देत नाहीत. ही ठरवत होती. सात वर्षं एकटीने घर चालवलेली बाई. बाबासाहेबांनी अर्पणपत्रिकेत बरोबरीने सोसलं म्हटलंय, ते वाचून लोक सोसण्यावर थांबतात. बरोबरीवर कुणी थांबत नाही.

आतेभाऊ इतका वेळ गप्प होता. दादरपासून त्याची आईशी रागाच्या मुद्द्यावर धुसफूस चालूच होती. तो म्हणाला, "मग राग यायचा असेल तिला."

"यायचाच. न येऊन सांगते कुणाला."

लाइन बझारात पेढे घ्यायला थांबलो. धारवाडचा पेढा काळपट, साखरेत घोळलेला. आत्याला मधुमेह आहे, तिने एक पूर्ण खाल्ला आणि अर्धा माझ्या हातातला. मग दुकानाच्या पायरीवर उभी राहून तिने घाटकोपरला महिला मंडळाच्या अध्यक्षबाईंना फोन लावला. सात फेब्रुवारीच्या कार्यक्रमात माझं गाणं खोडा, म्हणाली, मला बोलायचंय. पंधरा मिनिटं. परळच्या दोन खोल्या, साडेचारशे पगार, शेणी आणि धारवाडची कोठी, एवढंच. पलीकडून काय उत्तर आलं ते ऐकू येत नव्हतं, पण लांबलचक होतं. आत्याचा चेहरा बघून अंदाज आला.

"बरं," ती शेवटी म्हणाली, "गाणंही म्हणते. पण आधी हिशोब, मग गाणं. आणि माइक चांगला आणा, गेल्या वर्षीसारखा नको."